फलाटाला गाडी लागली की

एसटीच्या प्रवासात चोरी बहुतेक वेळा गाडी पळत असताना होत नाही. गाडी फलाटाला लागते, दार उघडतं, आणि आतले उतरायच्या आधीच बाहेरचे चढायला धावतात. त्या दोन-तीन मिनिटांत पाकीट जातं, मोबाइल जातो, पर्समधली पोत जाते. मुंबईच्या लोकलमधल्या खिसेकापूंच्या गोष्टी ऐकून आपण धरून चालतो की हे दुखणं मोठ्या शहरांचं. पण हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांच्या आमच्या जिल्ह्यात दवाखाना, कोर्ट, मोंढा, माहेर हे सगळं अजून एसटीच्याच भरवशावर चालतं, आणि बसस्थानकात तेच घडतं. इथं ज्याचं जातं त्याचं पुष्कळदा अख्ख्या हंगामाचं जातं.

या विषयावर माझ्या ओळखीच्या दोघांची कायम जुंपते. मामा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. तिकिटांचा ट्रे आणि पंच होता तेव्हा लागले, हातात मशीन आलं तेव्हा उतरले. त्यांची भाची कोर्टात वकिली करते आणि आजही रोज एसटीनंच येते-जाते. मामांचं म्हणणं सरळ आहे, ज्याचा खिसा त्यानं सांभाळावा. भाचीला ते मान्य नाही. दोघांचं बोलणं मी जसं ऐकलं तसं मांडतो, आणि जिथं मला राहवलं नाही तिथं मीही बोललो आहे.

मामा: गाडी लागली की बघ काय होतं. चार पोरं पळत जाऊन खिडकीतून रुमाल टाकतात, कुणी पिशवी टाकतं, कुणी तर लेकरूच आत सोडतं. दारात एक जण पायरीवर पाय ठेवून थांबतो अन् मागं वळून विचारतो, "ही परभणीला जाती का?" पाटी समोर लावलेली असते. त्याला उत्तर नकोच असतं, त्याला दार अडवायचं असतं. मागून दुसरा रेटा देतो. मधल्या माणसाचा एक हात दांड्याला, दुसऱ्यात पिशवी. तेवढ्यात तिसऱ्यानं काम केलेलं असतं, अन् माल चौथ्याकडं गेलेला असतो. तो चौथा गाडीत चढतच नाही.

भाची: आणि ज्यानं काम केलं तो?

मामा: तो चढतो अन् लगेच उतरतो. "आमची गाडी ही नव्हं" म्हणतो. उतरणाऱ्याला कोण अडवतं? गर्दी कमी झाली म्हणून लोक खूशच होतात.

भाची: म्हणजे चौघं ठरवून, कामं वाटून घेऊन करतात. आणि तुम्ही म्हणता एकट्या माणसानं सांभाळावं.

मामा: कारण त्या घडीला तिथं तोच असतो. पोलीस नसतो, डायवर कॅबिनमध्ये असतो, वाहक नोंद करायला खिडकीवर गेलेला असतो. तू कायदा सांगशील, पण कायदा दुसऱ्या दिवशी येतो. खिसा आत्ता जातो.

मामांच्या या बोलण्यात जोर आहे, कारण त्यामागं पाहिलेलं आहे. पैसा कुठं असावा हे ते कुणालाही सांगतात. पँटच्या मागच्या खिशात काही ठेवायचं नाही. शर्टाच्या वरच्या खिशात मोबाइल ठेवून दांडा धरायला हात वर केला की तो खिसा आपला राहत नाही. जुन्या माणसांच्या बंडीला आतून चोरखिसा असायचा, तो आजही शिंप्याकडून शिवून घ्यावा. तिकिटापुरते सुटे पैसे वेगळे, बाकीचे आत. सवलतीसाठी ओळखपत्र दाखवावं लागतं, तर ते पाकिटात नोटांच्या शेजारी ठेवू नये. म्हातारा माणूस कार्ड काढायला पाकीट उघडतो आणि आत किती आहे ते शेजारच्यालाही दिसतं. "चोरांपासून सावध राहा" ही पाटी वाचली की माणूस पहिल्यांदा खिसा चाचपतो, आणि पाहणाऱ्याला खिसा कोणता ते कळतं. म्हणून स्टँडवर चाचपायचं नाही, घरून निघतानाच नीट ठेवायचं.

मामा: अन् बायांचं तर सांगून थकलो. गळ्यातली ओढतील म्हणून पोत काढतात, पर्समध्ये ठेवतात, पर्स पिशवीत, पिशवी खांद्याला, अन् खांद्याची पिशवी पाठीवर. चढताना काखेत लेकरू. मग पाठीमागची चेन कुणी उघडली ते कसं कळंल? लग्नसराईत तर घराघरातलं सोनं असंच पिशवीतून फिरतं. न्यायचंच असंल तर लहान थैलीत घालून अंगावरच्या कपड्याला आतून पिनेनं अडकवावं. पिशवी पुढं, पोटाशी. अन् गाडीत बसेपर्यंत उघडून बघायचं नाही.

भाची: हे सगळं मी करते, मामा. पिशवी पोटाशी धरते, मोबाइल हातात घट्ट धरते. पण मग दांडा कशानं धरू? गाडीनं ब्रेक मारला की पडू का? ज्या बाईच्या कडेवर मूल आहे, एका हातात पिशवी आहे आणि जिला बसायला जागा नाही, तिला तुम्ही तिसरा हात कुठून देणार?

यावर मामा थोडे थांबले. भाचीनं मग आपला मुद्दा मांडला आणि तो आकड्यांचा होता. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट झालं. कोविडच्या आधी एसटीकडं 18,000 च्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या 15,000 च्या घरात आल्या. प्रवासी वाढवले आणि गाड्या घटल्या.

भाची: सवलतीला माझा विरोध नाही. अर्ध्या तिकिटामुळं कितीतरी बाया माहेरी जाऊ लागल्या, पोरी कॉलेजला येऊ लागल्या. पण एका गाडीत दोन गाड्यांची माणसं चढणार असतील, तर ती गर्दी काही आभाळातून पडलेली नाही. ती कुणीतरी ठरवलेली आहे. गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे वेळेवर सांगत नाहीत. कर्ण्याचा आवाज कळत नाही. माणसं या फलाटावरून त्या फलाटावर धावतात, आणि धावणारा माणूस खिसा सांभाळू शकत नाही. मुंबईत बेस्टच्या थांब्यावर रांग लागते. गावाकडून गेलेलीच माणसं तिथं रांगेत उभी राहतात.

मामा: अन् इथं रांगेत उभं राहिलं तर रुमाल टाकणारा बसून जातो. रांगेवाल्याला परभणीपर्यंत उभं राहावं लागतं. मग कामून लावंल कुणी रांग?

भाची: तुम्ही ड्युटीवर असताना काय करत होता?

मामा: मी? मी आधी दारात उभा राहायचो. उतरणारे उतरेपर्यंत एकालाही पायरीवर पाय ठेवू द्यायचो नाही. मग म्हातारे अन् लेकरूवाल्या आधी, बाकीचे एकेक. खिडकीतून टाकलेला रुमाल उचलून खाली टाकायचो. शिव्या खाल्ल्या, पण माझ्या गाडीच्या दारात ओरड कमी व्हायची.

भाची: मग हेच तर मी म्हणते आहे. खिसे तेच होते, माणसंही तीच होती. तुम्ही दारात उभे राहिलात म्हणून चोरी कमी झाली.

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. इतकंच म्हणाले की आजच्या वाहकाला दारात उभं राहायला वेळ कुठं आहे. त्याला मशीनवर वेगवेगळ्या सवलतींची तिकिटं काढायची, ओळखपत्रं तपासायची, सुट्या पैशांवरून भांडायचं. हेही खरंच आहे. पण माझ्या मते या क्षणी वादाचा निकाल लागला होता. एक माणूस दारात उभा राहिला तर चौघांच्या टोळीचं काम बिघडतं, हे वाहकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तो माणूस वाहक असो, वाहतूक नियंत्रक असो, होमगार्ड असो. गर्दीच्या तासांना दारात माणूस असणं हा चोरीवरचा पहिला उपाय आहे, आणि चोरखिसा त्याच्या नंतरचा.

हळदीच्या दिवसांचं बोलणं निघालं तेव्हा मात्र दोघं एका बाजूला आले. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या बाजार समितीत हळदीची मोठी उलाढाल होते, आणि उन्हाळ्यात शेतकरी मोंढ्यातून सरळ स्टँडवर येतो. नऊ महिन्यांच्या पिकाचा पैसा अंगावर असतो. मामांना असा माणूस लांबूनच कळायचा, कारण त्याचा हात एकाच जागी असायचा आणि तो कुणाशी बोलत नसायचा. त्यांना कळायचं तसं दुसऱ्यांनाही कळत असणार.

भाची: पट्टी झाली की पैसे खात्यावरच मागायचे. ज्याच्याकडं पुढची खरेदी आहे त्यानं हवं तेवढंच रोख घ्यावं.

मामा: खात्यात टाकले तर बँक कर्जात वळते करून घेती म्हणून लोक रोख मागतात, बाई.

भाची: माहीत आहे. त्या कर्जाचं भांडण बँकेशी भांडू. पण त्या भीतीनं सगळं पीक खिशात घालून गर्दीत शिरणं मला पटत नाही.

मामा: मलाही नाही पटत.

मग मामांनी एक जुना प्रसंग सांगितला. गाव आणि आगार ते सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. गाडी स्टँडच्या बाहेर पडली आणि एका बाईनं हंबरडा फोडला, पर्स उघडी होती. मामांनी एकच घंटी दिली, कुणालाही उतरू दिलं नाही आणि गाडी थेट पोलीस ठाण्याच्या आवारात नेली. मराठवाड्यात हे नवीन नाही, वर्तमानपत्रात अशा बातम्या नेहमी येतात. उन्हात गाडी उभी राहिली. महिला पोलिसांनी बायांची झडती घेतली. सगळ्या गाडीचं बोट एकीकडंच होतं, मागच्या बाकावर गाठोडं घेऊन बसलेल्या, अनवाणी बाईकडं. तिचं गाठोडं लोकांसमोर सोडलं. आत पत्र्याची भांडी आणि लेकराचे कपडे निघाले. पोत कुणाकडंच सापडली नाही.

मामा: दारात "आमची गाडी ही नव्हं" म्हणून उतरलेली एक बाई होती. साडी चांगली, हातात लग्नाची पत्रिका. ती मला ठाण्यात आठवली. तोवर ती कुठली सापडायला!

भाची: आणि गाठोडंवाली?

मामा: ती कुणाशी काही बोलली नाही. भांडी परत बांधली अन् तिथूनच चालत गेली. गाडीत परत चढली नाही.

भाची: तिला का पकडलं हे मी सांगू? इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला, पण गाडीतल्या लोकांच्या डोक्यातून गेला नाही. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहून याच शिक्क्याखालचं जगणं मांडलं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते पुस्तक अभ्यासाला लागलं. तरी स्टँडवर काही गेलं की पहिली झडती पालावरच्या माणसाची. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठार मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. ती भिक्षा मागायला आली होती.

मामा: मी मारलं नव्हतं कुणाला.

भाची: नाही. पण बोटं तिकडं गेली तेव्हा खरी चोर निसटली. हा माझा मुद्दा दयेचा नाही मामा, चोर पकडण्याचा आहे.

इथं मी बोललो, कारण हिंगोलीच्याच मातीतला एक दाखला मला ठाऊक होता. हिंगोली निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती. पलटन, तोफखाना, रिसाला ही इथल्या मोहल्ल्यांची नावं तेव्हापासूनची. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यानं 1839 मध्ये ठगांवर एक कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीच्या हरीसिंग नावाच्या व्यापाऱ्याची हकिकत सांगतो. हा हरीसिंग छावणीतला प्रतिष्ठित माणूस. खुद्द टेलरचा त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचं म्हणून त्यानं तिथल्या इंग्रज अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि वाटेवर होतं. त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना ठार करून, त्याच परवान्यावर माल हिंगोलीत आणून यानं उघड विकला. पुढं पकडला गेल्यावर त्यानंच कबूल केलं, तोवर कुणाला शंकाही आली नव्हती. छावणीचे पहारेकरी रात्रंदिवस जागे होते आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं मारून पुरली जात होती.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे कपड्याकडं बघायचंच नाही." भाची म्हणाली, "हाताकडं बघायचं. ज्याच्या हातावर उगीच शाल, ओढणी किंवा पेपर पसरलेला आहे, जो दार अडवतो, जो चढून लगेच उतरतो, त्याच्याकडं. जात, गाठोडं, पाय यांकडं नाही."

पकडलाच कुणी, तर काय करावं? मामांच्या काळात चार थोबाडीत देऊन सोडून देत. भाचीनं सांगितलं ते वाचकानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. डोळ्यांसमोर असा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूसही धरू शकतो, पण उशीर न करता, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. मारण्याचा अधिकार कुणालाच नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण प्रवासी वाहनातून वस्तू चोरली तर कलम 305 खाली 7 वर्षांपर्यंत. टोळीनं केलेल्या छोट्या गुन्ह्यांसाठी कलम 112 नव्यानं आलं. त्यात खिसेकापूपणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि किमान 1 वर्षाची कैद आहे. मामांनी सांगितलेली चौघांची टोळी बरोबर याच कलमात बसते.

मामा: कलमं ठीक आहेत. पण ठाण्यात गेलं की म्हणतात, "कशाला चोरी लिहिता, हरवलं लिहा." दिवसभर बसवतात. मिळत काही नाही. माणूस म्हणतो, जाऊ दे.

भाची: आणि तिथंच सगळं बिघडतं. "गहाळ" लिहिलं की गुन्हाच घडला नाही. वर्षभर स्टँडवर पाकिटं जातात आणि कागदावर स्टँड शांत दिसतं. मग तिथं पोलीस चौकी कशाला, कॅमेरा कशाला? चोरीची तक्रार नोंदवणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली बंधनकारक आहे. हद्द कुठली का असेना, नोंद करावीच लागते. प्रत फुकट मिळते. नाही म्हणाले तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी पाठवायचं, तिथंही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं जायचं.

मामा: पोत परत मिळंल का त्यानं?

भाची: या वेळची कदाचित नाही.

मोबाइलचं मात्र तसं नाही. तो आता नुसता फोन राहिलेला नाही, त्यात बँक आहे. गेल्याचं कळताच शेजाऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला आणि मग सिम कंपनीला कळवून दोन्ही बंद करावं. उशीर झाला तर नुकसान आपल्या अंगावर येतं. तक्रार झाली की संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय क्रमांक घालून तो देशभर बंद करता येतो. हा क्रमांक *#06# दाबून आजच काढावा आणि घरच्या वहीत लिहून ठेवावा, कारण फोन गेल्यावर तो बघायला फोन नसतो. मामांनी लगेच आपला काढून भाचीकडून लिहून घेतला.

शेवटी दोघांचं पूर्ण एकमत झालं असं नाही. मामा अजूनही म्हणतात की बेसावध माणसाला देवही वाचवू शकत नाही. मी भाचीच्या बाजूचा आहे. सावध राहणारा आपला खिसा वाचवतो, पण मग चोर शेजारच्या म्हातारीकडं वळतो आणि स्टँडवरच्या चोऱ्या तेवढ्याच राहतात. दारातली रेटारेटी थांबली तर त्या कमी होतात.

औंढ्याची महाशिवरात्र, नर्सीची परतवारी, हिंगोलीचा दीडशे वर्षांहून जुना दसरा, लग्नसराई आणि हळदीचा हंगाम हे आपल्या जिल्ह्यातले गर्दीचे दिवस आधीच माहीत असतात. म्हणून एवढीच विनंती आहे. यातल्या प्रत्येक गर्दीच्या महिनाभर आधी आपापल्या ग्रामपंचायतीनं आणि महिला बचत गटांनी आगारप्रमुखांना आणि पोलीस ठाण्याला एक अर्ज द्यावा. प्रत्येक फलाटावर चढण्याची रांग असावी, गाडी कुठं लागणार याची दहा मिनिटं आधी घोषणा व्हावी आणि गर्दीच्या वेळी दारात एक माणूस उभा असावा, एवढंच त्यात मागावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी, तारीख आणि शिक्क्यासह.